शाळा बंद, वर्ग चालू: साथीच्या काळातल्या ऑनलाइन शिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साथ आली की शाळा-कॉलेजांना आधी कुलूप लागतं आणि मग शिक्षक, विद्यार्थी, पालक अशा सगळ्यांच्या शंका एकदम सुरू होतात. त्यातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंका इथे घेतल्या आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही, आपली शंका शोधा आणि तेवढंच वाचलंत तरी चालेल.

ऑनलाइन वर्ग म्हणजे नेहमीचाच तास कॅमेऱ्यासमोर घ्यायचा, एवढंच ना?

नाही, आणि बहुतेक त्रासाचं मूळ याच समजुतीत आहे. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये अनेक शाळांनी जुनं वेळापत्रक उचलून जसंच्या तसं स्क्रीनवर आणलं: सकाळी प्रार्थना, हजेरी, मग ओळीने पाच-सहा तास. दोन आठवड्यांत शिक्षकांचा घसा बसला आणि मुलांनी कॅमेरे बंद केले.

मुळापासून ऑनलाइन शिकवण्यासाठी आखलेला अभ्यासक्रम वेगळा असतो. त्याची तयारी महिनोन् महिने चालते. साथीत आपण करतो ती तातडीची सोय असते. दोन्हींना एकच फूटपट्टी लावली की शिक्षक स्वतःला दोष देतात, पालक शाळेला देतात आणि हाती काही लागत नाही.

म्हणून आधी कामाची वाटणी करा. सांगणं, समजावणं, दाखवणं ही कामं लेखी मजकुरातून किंवा रेकॉर्ड केलेल्या तुकड्यातून होतात. त्यासाठी सगळ्यांनी एकाच वेळी हजर असायची गरज नसते. शंका विचारणं, चूक कुठे झाली ते पाहणं, वाद घालणं, एकमेकांची विचारपूस करणं यांना मात्र माणूस समोर लागतो. थेट तासाचा वेळ या दुसऱ्या कामांसाठी राखून ठेवा. पुढची बरीचशी उत्तरं याच वाटणीवर उभी आहेत.

असं याआधी कधी झालं होतं का?

एवढ्या प्रमाणावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत, युनेस्कोच्या अंदाजानुसार, १९०हून अधिक देशांतल्या जवळपास १६० कोटी विद्यार्थ्यांची शाळा-कॉलेजं बंद झाली.

लहान प्रमाणावर मात्र झालं आहे. १९३७ साली शिकागोत पोलिओची साथ आली, शाळा उघडणं लांबलं आणि तिथल्या शिक्षकांनी रेडिओवरून पाठ दिले. कोणत्या इयत्तेचा पाठ किती वाजता, हे वर्तमानपत्रांत छापून येई. पाठ पंधरा-पंधरा मिनिटांचे होते आणि शंकांसाठी फोनची सोय होती. तक्रारीही आजच्याच होत्या: काही घरांत रेडिओ नाही, काही ठिकाणी आवाज नीट येत नाही, शिक्षक फार भराभर बोलतात.

थेट तास किती मिनिटांचा असावा?

लहान मुलांसाठी वीस-पंचवीस मिनिटं पुरेशी आहेत, मोठ्यांसाठी चाळीस. त्यापुढे गेलात तर मध्ये खरी सुट्टी द्या. म्हणजे स्क्रीनवरून उठायचं, खिडकीशी जायचं, पाणी प्यायचं. "पाच मिनिटं ब्रेक, पण लिंक सोडू नका" असं सांगितलं तर मुलं स्क्रीनवरच दुसरी खिडकी उघडून बसतात.

मात्र मिनिटांपेक्षा महत्त्वाचं हे की एका दमात किती बोलता. सात-आठ मिनिटं सांगून झालं की मुलांना काहीतरी करायला द्या: एक गणित, एक वाक्य, एक आकृती. मग पुढे चला.

रेकॉर्ड केलेले व्हिडिओ द्यावेत की थेटच शिकवावं?

दोन्ही, पण रेकॉर्डिंग म्हणजे तासभराचा थेट तास साठवून ठेवणं नव्हे. तो कोणी पुन्हा बघत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगाने बघतात, तेवढंच.

२०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या लाखो बघण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात. दुसरी गोष्ट मला त्याहून कामाची वाटते: तयार स्लाइडवर बोलणाऱ्या शिक्षकापेक्षा हाताने लिहीत-काढत समजावणाऱ्या शिक्षकाचे व्हिडिओ मुलं जास्त वेळ बघत होती. हात थांबतो, खोडतो, पुन्हा लिहितो, तेव्हा विचार कसा चालला आहे ते दिसतं. म्हणून चकचकीत स्लाइड बनवण्यात रात्र घालवू नका.

एका व्हिडिओत एकच मुद्दा घ्या. नाव असं द्या की नंतर सापडेल. "प्रकरण ४ भाग २ अंतिम नवीन" हे नाव कोणालाच काही सांगत नाही. "अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगळे असताना" हे सांगतं. बोलताना जीभ अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड करू नका. वर्गातही अडखळता आणि मुलांचं काही बिघडत नाही.

फळा नाही. लिहून कसं दाखवायचं?

डिजिटल पेन-पाटी असेल तर छान, नसेल तर साधा मोबाइल पुरतो. टेबलावर जाडजूड पुस्तकांची साधारण वीतभर उंच चळत रचा. मोबाइल त्यावर स्क्रीन वर येईल असा आडवा ठेवा, म्हणजे मागचा कॅमेरा खाली बघेल. कॅमेऱ्याचा भाग चळतीच्या कडेबाहेर येऊ द्या आणि मोबाइलच्या मागच्या टोकावर आणखी एक जड पुस्तक ठेवा, नाहीतर तास चालू असताना तो वहीवर आपटेल. खाली कोरा, बिनरेघी कागद ठेवा आणि जाड टोकाच्या पेनाने लिहा. बारीक बॉलपेनचं लिखाण मुलांच्या छोट्या स्क्रीनवर उमटत नाही.

उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या. नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिलेल्या अक्षरावर पडते. लॅपटॉपवर तास चालू असेल तर मोबाइल दुसरा सदस्य म्हणून त्याच लिंकवर जोडता येतो. तेव्हा मोबाइलचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा. ते राहिलं की आवाज घुमतो आणि शिट्टी वाजते, सगळा वर्ग कानावर हात ठेवतो.

ज्यांना उभं राहून फळ्यावर लिहिल्याशिवाय सुचतच नाही, त्यांनी कपाटाच्या दारावर मोठा कागद चिकटवून समोर मोबाइल उभा करावा. पुढचा कॅमेरा वापरताना आपल्याला स्वतःची अक्षरं उलटी दिसतात, पण समोरच्यांना ती बहुधा सरळच दिसत असतात. तरी एकदा कोणाला तरी विचारून खात्री करून घ्या.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करावी का?

माझं मत: नाही. शिक्षकाची अडचण खरी आहे. काळ्या चौकोनांशी बोलत राहणं हा विचित्र अनुभव आहे. विनोद केला तरी हसू परत येत नाही आणि आपण हवेत बोलतो आहोत असं वाटतं. पण मुलाच्या बाजूनेही बघा. मागे घरातली माणसं ये-जा करत असतात, भिंतीचा रंग उडालेला असतो, एकाच खोलीत दोघांचे वर्ग चालू असतात, डेटा संपत आलेला असतो. कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद ठेवण्याचं कारण विचारलं, तेव्हा आपण कसे दिसतो याची काळजी हे कारण सर्वांत पुढे होतं. किशोरवयीन मुलांशी रोज वागणाऱ्या कोणालाही याचं नवल वाटू नये.

शिवाय चेहरा दिसतो म्हणजे लक्ष आहे असंही नाही. कॅमेऱ्याकडे बघत दुसऱ्या खिडकीत खेळ चालू ठेवणं मुलांना लवकर जमतं. लक्ष आहे की नाही हे कामावरून कळतं. दर काही मिनिटांनी उत्तर द्यावं लागत असेल तर कॅमेरा बंद असला तरी मूल वर्गात असतं.

मधला रस्ता म्हणजे तासाच्या सुरुवातीला दोन मिनिटं सगळ्यांनी कॅमेरा लावून नमस्कार-चमत्कार करायचे, मग ज्याला हवं त्याने बंद करावा. चार-सहा जणांच्या गटात काम देता तेव्हा बहुतेक मुलं आपणहून कॅमेरा लावतात, कारण समोर मित्र असतात. तोंडी परीक्षेसारख्या कामाला कॅमेरा लागणारच असेल तर तसं आदल्या दिवशी सांगून ठेवा.

"समजलं का?" विचारलं की सगळे गप्प. काय करावं?

"समजलं का" हा प्रश्नच सोडून द्या. प्रत्यक्ष वर्गातही त्याला "हो बाई" एवढंच उत्तर मिळतं. फरक इतकाच की तिथे आपण चेहरे वाचून घेतो आणि इथे चेहरे नसतात.

त्याऐवजी असं काही विचारा की उत्तर द्यायला विचार करावा लागेल. "या गणितात पहिली पायरी कोणती? सगळ्यांनी चॅटमध्ये लिहा, पण मी सांगेन तेव्हाच पाठवा." मग पाच, चार, तीन करत मोजा आणि एकदम पाठवायला सांगा. उत्तरं धडाधड पडतात, कोणाला दुसऱ्याचं बघून लिहिता येत नाही आणि वर्गाचा कल तुम्हाला दहा सेकंदांत दिसतो. वर्गात कधी हात वर न करणारी मुलं इथे लिहितात, हा ऑनलाइनचा दुर्मिळ फायदा आहे. त्यांचं नाव घेऊन "तुझं उत्तर वाचतो हं" म्हटलंत की पुढच्या वेळी ती आणखी लिहितात. चूक उत्तर मात्र नाव घेऊन वाचू नका.

दुसरं म्हणजे थांबायला शिका. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात आणि जास्त मुलं बोलतात. ऑनलाइन तर आवाज पोचायलाच वेळ लागतो, मग म्यूट काढायचं, मग "सर, आवाज येतोय का?" विचारायचं. तेव्हा मनात दहा आकडे मोजा. शांतता खटकते, पण ती आपल्यालाच खटकते. मुलं त्या वेळात विचार करत असतात किंवा माइकचं बटण शोधत असतात.

घरात एकच मोबाइल, त्यातही रेंज नाही. आमच्या मुलाने काय करायचं?

खरं तर हा प्रश्न सर्वांत वर हवा होता. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या ३ ते १७ वर्षांच्या दोन तृतीयांश मुलांच्या, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं. ऑनलाइन शिक्षणाची सगळी चर्चा उरलेल्या एक तृतीयांशाबद्दल चालते.

शिक्षकांसाठी नियम एकच: ज्याच्याकडे सर्वांत कमी साधन आहे त्याला धरून आखणी करा. ग्रुप व्हिडिओ कॉलच्या एका तासाला एक जीबी डेटा सहज जातो. नुसत्या आवाजाचा तास त्याच्या छोट्याशा अंशात भागतो. दोन मिनिटांची ध्वनिफीत आणि वहीच्या पानाचा एक फोटो एवढ्यावर एक पाठ बसवता येतो. पीडीएफ पाठवण्यापूर्वी तिचा आकार बघा. स्कॅन केलेली पन्नास एमबीची फाइल पाठवली की अर्धा वर्ग ती उघडतच नाही आणि तसं कळवतही नाही.

जिथे इंटरनेट नाहीच, तिथे साधा फोन आहे, रेडिओ आहे, टीव्ही आहे, छापील स्वाध्यायपत्रिका आहेत. मेक्सिकोने ऑगस्ट २०२०मध्ये नवं वर्ष टीव्हीवरच सुरू केलं. बोट्स्वानात त्याच वर्षी एक साधा प्रयोग झाला: काही घरांना आठवड्याला गणिताचा एक मेसेज जाई, काहींना मेसेज आणि जोडीला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. मेसेज आणि फोन दोन्ही मिळालेल्या मुलांचं गणित सुधारलं. नुसत्या मेसेजचा तेवढा उपयोग दिसला नाही. फोन साधाच होता, स्मार्टफोन नव्हे. आठवड्यातून एकदा कोणीतरी नाव घेऊन विचारतं, याचं मोल यावरून समजावं.

पालकांना विनंती: अडचण शाळेला स्पष्ट सांगा. "मोबाइल संध्याकाळी सातनंतर मिळतो" हे शिक्षकाला माहीत असेल तर थेट तासाऐवजी रेकॉर्डिंग आणि नंतर फोन असा मार्ग काढता येतो. लाजेने गप्प राहिलात तर हजेरीपटावर फक्त "गैरहजर" एवढंच उमटतं. आणि घरात दोन-तीन मुलं असतील तर मोबाइल आपोआप मोठ्याला किंवा मुलाला जातो, धाकटी किंवा मुलगी मागे राहते. वाटणी ठरवून करा.

गृहपाठाचे फोटो तपासता तपासता डोळे गेले. काही उपाय?

सगळं तपासू नका. पाच प्रश्न दिलेत तर कोणता एक तपासणार ते स्वतःशी ठरवा, मुलांना सांगू नका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाका आणि मुलांनी आपलं आपण ताडून बघावं. लांबलचक शेरे टाइप करण्यापेक्षा तीस सेकंदांचा आवाज पाठवणं सोपं पडतं आणि मुलं तो ऐकतातही. लाल अक्षरांतला शेरा वाचतीलच असं नाही.

फोटो कसा काढायचा हे पहिल्याच दिवशी शिकवा: वही खिडकीजवळ सपाट ठेवायची, मोबाइल वरून सरळ धरायचा, पानाचे चारही कोपरे दिसायला हवेत, पानावर वर नाव आणि तारीख लिहायची. हे दहा मिनिटांचं शिकवणं पुढचे कित्येक तास वाचवतं.

ऑनलाइन परीक्षेत कॉपी कशी रोखायची?

पूर्ण रोखता येत नाही, हे आधी मान्य करू. कॅमेऱ्यातून पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर आली, पण ती मान वळवली की संशय घेतात, अंधारातला चेहरा ओळखत नाहीत आणि प्रामाणिक मुलांनाच जास्त घाबरवतात. मोबाइलवर उत्तर शोधणारा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर मोबाइल ठेवून शोधतोच.

त्यापेक्षा प्रश्न बदला. ज्याचं उत्तर पुस्तकातून उचलता येतं असा प्रश्न घरी द्यायचाच नाही. "हे सोडवलेलं उदाहरण चुकलं आहे, चूक कोणत्या पायरीत आहे आणि ती का झाली असेल?" असं विचारा. आकडे प्रत्येकाला वेगळे द्या. लेखी उत्तरानंतर तीन मिनिटांचा तोंडी प्रश्न ठेवा: "हे तू असं का केलंस?" स्वतः लिहिलेलं मूल अडखळत का होईना सांगतं, उतरवलेलं मूल आपलंच उत्तर पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचतं. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांचं तोंडी एका दिवसात होत नाही, पण रोज पाच-सहा घेता येतात. आणि वर्षभराचं वजन एकाच परीक्षेवर न ठेवता ते छोट्या छोट्या कामांत वाटलं की कॉपी करण्याचा मोहही कमी होतो.

परीक्षाच रद्द करून सूत्राने गुण देण्याचा मार्ग किती घसरडा आहे हे इंग्लंडमध्ये दिसलं. २०२०च्या उन्हाळ्यात तिथे शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी एका संगणकीय सूत्राने दुरुस्त केल्या गेल्या, जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्टला सरकारला ते सूत्र मागे घ्यावं लागलं.

दिवसभर बसूनच असतो, तरी एवढा थकवा का येतो?

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये याची चार कारणं मांडली: खूप जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा दिवसभर समोर दिसणं, एका जागी जखडून बसणं, आणि हावभाव नीट न कळल्यामुळे मेंदूला करावी लागणारी जादा मेहनत. उपाय यातूनच निघतात. स्वतःचा चौकोन लपवा. बहुतेक अ‍ॅपमध्ये ती सोय असते. शिक्षकाचा चौकोन पूर्ण स्क्रीनभर न ठेवता लहान करा. एखादा तास फक्त आवाजावर घ्या आणि मुलांना फेऱ्या मारत ऐकू द्या.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद बघायचा नियम सोपा आहे. मुलांच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दिवसाच्या उजेडात बाहेर घालवलेला वेळ; तो कमी झाला की जवळचं दिसून लांबचं न दिसण्याचा दोष जडायची शक्यता वाढते. साथीचे नियम सांभाळून गच्ची, अंगण, रिकामा रस्ता जे मिळेल तिथे मुलांना सोडा. कानात हेडफोन असेल तर आवाज अर्ध्याच्या आसपास ठेवा.

पालकांनी शेजारी बसावं का?

पहिली-दुसरीपर्यंत बसावं लागतं, त्याला इलाज नाही. पण शेजारी बसणं म्हणजे उत्तर पुरवणं नव्हे. "सांग ना, काल तर येत होतं!" अशी कुजबुज माइकमधून सगळ्या वर्गाला ऐकू जाते आणि मूल आणखी आक्रसतं. लिंक लावून द्या, वही-पेन्सिल जवळ ठेवा आणि जरा मागे सरका. चौथीनंतर तर त्याच खोलीत असलात तरी पाठ करून बसा.

प्रयोग, कवायत, चित्रकला यांचं काय?

काही भागेल, काही राहील. बी रुजवून रोज उंची मोजणं, सावलीची लांबी दिवसातून चारदा नोंदणं, घरातल्या वस्तूंची घनता काढणं हे घरी उत्तम होतं. आम्ल आणि ज्योत असलेले प्रयोग घरी सांगू नयेत. ते शाळा उघडल्यावरच करावेत. सांघिक खेळाला पर्याय नाही.

एक मुलगा हळूहळू दिसेनासाच झाला. काय करावं?

वाट बघू नका. सलग तीन दिवस कामही नाही आणि तासालाही नाही, असं झालं की फोन करा, आणि पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारू नका. "कसा आहेस, घरी सगळे बरे आहेत ना?" इथून सुरुवात करा. साथीत कोणाच्या घरी आजारपण असतं, कोणाच्या वडिलांचं काम गेलेलं असतं, कोणी मोठ्यांना हातभार लावायला कामाला लागलेलं असतं. कधी निव्वळ आठवडाभराचा अभ्यास साचलेला असतो आणि आता कुठून सुरू करू हे कळत नाही म्हणून मूल तोंड चुकवत असतं. त्याला सांगा, "मागचं सगळं राहू दे, उद्यापासून ये." जुनी थकबाकी माफ झाली की बरीच मुलं परत येतात.

वर्ग मोठा असेल तर शिक्षकांनी मुलं वाटून घ्यावीत. प्रत्येकाकडे दहा-बारा नावं, दर आठवड्याला एक फोन. फोनवर मूल फारच गप्प, रडवेलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलणारं वाटलं तर ते मनात ठेवू नका. त्याच दिवशी पालक, मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांच्यापर्यंत पोचवा.

विद्यार्थी म्हणून विचारतो: घरी एकट्याने अभ्यासच होत नाही.

शाळेत घंटा तुझं वेळापत्रक चालवत होती. आता ते काम तुला करायचं आहे आणि ते अवघड आहे. रोज एकच जागा आणि एकच वेळ ठरव. मोबाइलवर तास असेल तर बाकीच्या सूचना बंद कर. तास नसेल तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. पालथा करून टेबलावर ठेवलेला मोबाइल ही पळवाट आहे.

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून "येतंय" असं वाटतं, तो भास असतो. रॉडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवणारे बरेच पुढे होते. म्हणून व्हिडिओ संपला की तो बंद कर आणि कोऱ्या पानावर आठवेल ते लिही. मग उघडून काय सुटलं ते बघ. मित्राला फोन करून तो मुद्दा समजावता येतो का बघ. जिथे अडखळशील तीच उद्याची शंका. आणि तास चुकला तर आधी तो आठवडाभराचा ढीग उपसायला जाऊ नकोस, आजच्या तासाला बस.

अनोळखी लोक वर्गात शिरतात, कोणी रेकॉर्ड करून पसरवतं. काय काळजी घ्यावी?

लिंक उघड्या ग्रुपवर टाकू नका, वेटिंग रूम (शिक्षकाने आत घेईपर्यंत येणाऱ्याला बाहेर थांबवणारी सोय) चालू ठेवा, स्क्रीन शेअर फक्त शिक्षकाच्या हाती ठेवा. मुलांनी पूर्ण नावाने यावं; "सॅमसंग ए१०" ला आत घ्यायचं की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. कोणी घुसलंच तर वाद घालत बसू नका, सगळ्यांना बाहेर काढून तास बंद करा आणि नव्या लिंकवर भेटा. मुलांचे चेहरे असलेलं रेकॉर्डिंग वर्गाबाहेर जाऊ देऊ नका. शिक्षकाच्या चुकीची क्लिप करून फिरवणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी वर्गात त्यावर एकदा मोकळं बोला.

रात्री अकरालाही पालकांचे मेसेज येतात. उत्तर द्यावंच लागतं का?

नाही. वेळ जाहीर करा, उदाहरणार्थ संध्याकाळी पाच ते सहा, आणि ती स्वतः पाळा. एकदा अकराला उत्तर दिलंत की तीच वेळ ठरते. मुख्याध्यापकांनीही रात्री सूचना टाकू नयेत. शिक्षकांच्या घरीही आजारी माणसं आणि शिकणारी मुलं असतात, हे साथीत फार लवकर विसरलं जातं.

शाळा उघडल्यावर राहिलेला अभ्यास कसा भरून काढायचा?

नेदरलँड्समध्ये २०२०च्या वसंतात शाळा फक्त आठ आठवडे बंद होत्या आणि इंटरनेट जवळपास घरोघरी होतं. तरी मुलांच्या चाचण्यांत जे नुकसान दिसलं ते साधारण शाळेच्या वर्षाच्या एक पंचमांश, म्हणजे बंद होती तेवढ्याच काळाचं होतं. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त होतं. जिथे शाळा वर्षभर बंद राहिल्या तिथला हिशेब यावरून करावा.

म्हणून उघडल्या उघडल्या नव्या पुस्तकाचा पहिला धडा काढू नका. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक मूल कुठे आहे ते बघा: वाचता येतं का, वजाबाकी हातच्यासह येते का. गुणांसाठी नाही, फक्त कळण्यासाठी. मग मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता दिवसातला एक तास पातळीप्रमाणे बसवा. सहावीतलं मूल चौथीचं वाचत असेल तर त्या तासाला चौथीचंच वाचू दे. अभ्यासक्रमातले कोणते घटक गाळले तर पुढच्या वर्षी अडत नाही, याची यादी त्या विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसून करावी. अपूर्णांक गाळता येत नाहीत, कारण त्यांच्यावर बीजगणित उभं आहे. इतिहासातलं एखादं प्रकरण चालतं.

आणि पहिले काही दिवस मुलं फार बोलतील, भांडतील, तासाला मध्येच उठतील. बाकावर सलग बसायची सवय मोडलेली असते. त्या दिवसांत वर्गात गोंगाट झाला तर होऊ द्या.